चार नंबरला दम लागत नाही

१

भागवत आला तेव्हा सत्यशीलाबाई कुकरच्या शिट्टीत अडकलेलं डाळीचं टरफल सुईनं उकरून काढत होत्या. रविवार होता. त्या दिवशी कुणी येऊ नये अशी त्यांची साधी अपेक्षा असे, आणि बहिणीचा हा मुलगा ती नेमानं मोडत असे.

"मावशी, माझ्या ऑफिसात कुणीतरी घात केलाय."

"काय गेलं?"

"गेलं काहीच नाही. उलट जास्त दिलं गेलं."

सत्यशीलाबाईंनी सुई खाली ठेवली. बत्तीस वर्षं त्यांनी श्रीरामपुरात कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं होतं. अर्धवट वाक्यांचा त्यांना तेव्हाही त्रास व्हायचा आणि आताही होत होता.

"पहिल्यापासून सांग. आणि एका वेळी एकच गोष्ट सांग."

भागवतचं ऑफिस बाजारतळाजवळ, खताच्या दुकानाच्या वर. तिथं तीन जण दिवसभर अमेरिकेतल्या कॉलेजांचे फुटबॉलचे सामने व्हिडिओवर बघायचे आणि खेळाडूंना गुण द्यायचे. एवढं बाईंना माहीत होतं. त्यापुढं विचारायची इच्छा त्यांना कधी झाली नव्हती.

"फुटबॉल म्हणजे पायानं खेळतात तो?"

"नाही, हा हातानं खेळतात."

"मग फुटबॉल का म्हणतात?"

"ते मी विचारलं नाही, मावशी. काम मिळालं, घेतलं." भागवत घाम पुसत म्हणाला. "एक जण लांबून चेंडू फेकतो, दुसरा पळत जाऊन झेलतो. त्या झेलणाऱ्याला रिसीव्हर म्हणतात. आपल्याकडं नाही का पोरं मोबाईलवर स्वतःची क्रिकेटची टीम लावतात, तशी तिकडची माणसं ह्याची लावतात. त्यातले काही तर कॉलेजातली पोरं आधीच हेरून ठेवतात. पुढं मोठ्या संघात गेली की फायदा."

"म्हणजे फूल यायच्या आधी डाळिंबाची बाग धरायची."

"अगदी तसंच. आणि बाग कशी आहे हे आम्ही सांगायचं."

यंदा ह्या ऑफिसानं एका लहानशा कॉलेजातल्या, कुणी नावही न ऐकलेल्या रिसीव्हरला वेगाचे दहापैकी साडेनऊ गुण दिले होते. तिकडच्या लोकांनी त्या भरवशावर तो पोरगा आपापल्या टीममध्ये घेतला. गेल्या आठवड्यात त्याला घड्याळ लावून पळवलं, तर तो सगळ्यांच्या मागं. अमेरिकेतला साहेब चिडला. तुमच्यातल्या कुणीतरी हा पोरगा मुद्दाम फुगवला, उद्या सकाळपर्यंत त्याचं नाव कळवा, नाहीतर काम बंद, असं त्यानं लिहिलं होतं.

"मग?"

"मी पत्र टाईप केलंय. पंकजाचं नाव घातलंय. पाठवणार होतो, पण ज्योती म्हणाली, आधी मावशीला विचारा, मग पाठवा."

भागवतच्या बायकोबद्दल बाईंचं मत आधीपासूनच चांगलं होतं.

"पंकजानं नेमकं काय केलं?"

भागवत कुकरकडे बघत राहिला. "तेच तर मला कळलेलं नाही," तो म्हणाला.

२

जिना चढतानाच युरियाचा वास नाकात बसला. वर तीन टेबलं, तीन पडदे, एक कूलर. कूलर चालू केला की बोललेलं ऐकू येत नव्हतं आणि बंद केला की बसवत नव्हतं. बाईंनी तो बंद करायला लावला.

कामाची रीत भागवतनं सांगितली. प्रत्येक खेळाडूला दोघं जण वेगवेगळे बघून गुण देतात, एकमेकांना न विचारता. दोघांचं जमलं तर प्रश्नच नाही. फार फरक पडला तर आदिनाथ दोघांची नोंद तपासतो आणि एकाची धरतो. आदिनाथ सगळ्यांत जुना.

"ह्या पोराला कुणी किती दिले?"

"पंकजानं साडेनऊ. हर्षलनं पाच. आदिनाथनं पंकजाचे धरले."

"आणि तरी तू एकट्या पंकजाचं नाव घातलंस."

"कुणाचं तरी घालायचंच होतं, मावशी."

बाईंनी एक दीर्घ श्वास घेतला आणि हर्षलला समोर बसवलं. विशीतला, गळ्यात हेडफोन, बोलण्यात घाई.

"मॅडम, मी पाच दिले होते. कॉम्प्युटरवर आहेत, बघा."

"पाचच का?"

"कारण तो पाचचाच आहे. त्या कॉलेजचा जो झेलणारा चार आहे ना, त्याचे हात एक नंबर. पण पळायला लागला की ऊस भरलेली ट्रॉली चढाला लागल्यासारखा."

"चार म्हणजे?"

"शर्टावरचा नंबर. त्यांच्या शर्टावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. आम्ही नंबरानंच बोलतो."

"मग आदिनाथनं तुझे गुण का धरले नाहीत?"

हर्षल हसला, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "आदिनाथ सरांना विचारा. मी सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी सर म्हणतील, पंकजाला विचारून सांगतो. आजवर माझं एकदा तरी धरलंय का, तेही विचारा."

भागवत मधेच म्हणाला, "मावशी, हा स्वतः पण मोबाईलवर ह्या खेळाच्या टीम लावतो. मी मनाई केली होती."

"सुट्टीच्या दिवशी लावतो," हर्षल म्हणाला. "आणि मला खेळ कळतो म्हणूनच लावतो. इथं बाकी कुणाला कळतो?"

"तुझ्या टीममध्ये हा चार आहे?"

"असल्याला मी फुकट पण घेणार नाही."

म्हणजे पोराला फुगवून ह्याचा काही फायदा नव्हता. बाईंनी मान हलवली. पण ह्या मुलाच्या बोलण्यातलं काहीतरी त्यांना खुपलं होतं, आणि नेमकं काय ते सापडेना. चष्म्याच्या काचेवर डाग आहे हे कळावं पण कोणत्या काचेवर ते कळू नये, तसं.

३

पंकजा समोर बसायला आली ती पिशवी भरूनच. डबा, पाण्याची बाटली, टेबलावरचा छोटा आरसा, सगळं पिशवीत. मुलगी पाथर्डीकडची. पदवीधर होती, कॉलेजच्या कबड्डीच्या संघात होती. आवाज शांत ठेवायचा ती आटोकाट प्रयत्न करत होती.

"मॅडम, मी खोटं लिहिलेलं नाही. डोळ्यांनी बघितलंय."

"काय बघितलंस?"

"तो पोरगा पळतो म्हणजे पळतोच. समोरच्यांनी चेंडू लाथेनं उडवून दिला, ह्यानं तो ह्या टोकाला धरला, आणि त्या टोकापर्यंत कुणाचा हात लागू दिला न्हाई." बोलण्याच्या भरात तिची पाथर्डी बाहेर आली. "आन् नुसता पळत न्हाई. पकडीत बी तसाच. अंगावर येणाऱ्याला असा कंबरेत धरून आडवा करतो. चढाई आन् पकड दोन्ही करणारा असा गडी आमच्या टीमला पायजे हुता."

पलीकडच्या टेबलावरून हर्षल खोकला.

"हे सगळं तू लिहिलंस?"

"पकडीचं न्हाई लिहिलं, त्याला रकानाच न्हाई. पण हितं बोलले हुते सगळ्यांसमोर. हर्षलभाऊ लई हसले."

"का हसले?"

"ते माझ्या सगळ्याच बोलण्याला हसतात."

"तुम्ही दोघं तेच सामने बघता, मग तुला दिसलं ते त्याला का दिसलं नाही?"

"भाऊ फकस्त फेकीचे तुकडे बघतात. म्हणतात, बाकीच्याचं आपल्याला काय. मी लाथेचे तुकडे बी बघते. मोकळं पळणं तिथंच दिसतं ना."

हे बाईंना पटलं. जास्त मोजमापं घेणाऱ्याचं उत्तर बरोबर असण्याची शक्यता जास्त. पण घड्याळानं तर पंकजाचंच उत्तर चूक ठरवलं होतं.

"कुणी तुला ह्या पोराबद्दल काही सांगितलं होतं? फोन, मेसेज?"

"मला कोण करणार, मॅडम?" पंकजानं पिशवीची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली. "भागवत सर पत्र धाडणार म्हणतात. काम गेलं तर गेलं. पण पत्रात नाव गेलं तर ह्या धंद्यात मला कुणी दारात बी उभं करणार न्हाई. यंदा पहिल्यांदा माझे आईबाप कोयता घेऊन कारखान्याला गेले न्हाईत. पुढच्या सालाला बी येत न्हाई म्हणून मुकादमाला सांगून बसलेत. त्यांना मी काय सांगू? पोरीनं चोरी केली म्हणून?"

बाईंनी भागवतकडे पाहिलं. भागवत कूलरकडे बघत होता.

४

आदिनाथचा शर्ट रविवारीही इस्त्रीचा होता. उत्तरंही तशीच, घडी घातलेली.

"मी नियमाप्रमाणे तपासलं, मॅडम. पंकजानं खूण केलेला तुकडा पाहिला. चार नंबर खरोखर वेगात होता. ती खोटं बोलत नाही."

"आणि हर्षलनं खूण केलेला तुकडा?"

"हर्षल प्रत्येक गोष्टीत वाद घालतो."

"मी तुम्हाला हर्षलचा स्वभाव विचारला नाही."

"नाही पाहिला."

"दोन साक्षीदारांत भांडण, आणि तुम्ही एकाचंच ऐकून निकाल दिलात. कारण दुसऱ्याचा आवाज तुम्हाला आवडत नाही."

आदिनाथच्या कानाची पाळी लाल झाली.

"हा नगरला स्वतःचं ऑफिस काढतोय," भागवत पुटपुटला. "माझं काम बुडालं तर ह्याला मिळेल."

"जागा पाहिलीय, हे खरं आहे," आदिनाथ म्हणाला. "पण मीच निकाल दिलेल्या चुकीच्या गुणांवर मला काम कोण देईल, सर? बुडालो तर मीही तुमच्याबरोबरच बुडतो."

ह्यात तथ्य होतं. बाईंना आता डोकं दुखायला लागल्यासारखं वाटत होतं. तिघं जण, तिघांचं बोलणं सरळ, आणि बेरीज मात्र चुकत होती. त्यांनी पंकजाचा आणि हर्षलचा, असे दोन्ही तुकडे शेजारशेजारच्या पडद्यांवर लावायला सांगितले. दोन्ही एकाच सामन्यातले निघाले.

उजवीकडे हर्षलचा चार नंबर सुंदर झेल घेऊन निघाला आणि दोन पावलांत मागच्यानं त्याला गाठला. डावीकडे पंकजाचा चार नंबर सुटला तो वाऱ्यासारखा.

पहिली शंका त्यांना व्हिडिओचीच आली. डावीकडचा वेग कुणी वाढवला असेल तर? त्यांनी माणसांकडे बघायचं सोडलं आणि दोन्हीकडे उंच उडालेला चेंडू कसा खाली येतो तेवढंच पुन्हा पुन्हा बघितलं. चेंडू दोन्हीकडे सारख्याच चालीनं पडत होता. पृथ्वी कुणाच्या सांगण्यावरून वेग बदलत नाही. म्हणजे व्हिडिओ खरा होता.

म्हणजे हर्षल खरं बोलत होता. पंकजाही खरं बोलत होती. आणि एकच पोरगा, एकाच दुपारी, एकाच मैदानावर, वेगवानही होता आणि मंदही.

"असं होत नाही," सत्यशीलाबाई मोठ्यानं म्हणाल्या. मग पंकजाकडे वळल्या. "तुझा तुकडा संपतो, त्याच्यापुढं काय आहे?"

"पुढं काहीच नसतं, मॅडम. पुढचा खेळ सुरू व्हायची वाट बघत उभे राहतात. आमी बाण दाबून पुढं जातो."

"तिघंही?"

तिघांनीही माना डोलावल्या.

"मग आज दाबायचा नाही."

५

असा रटाळ खेळ बाईंनी जन्मात पाहिला नव्हता. क्षणभर धुमश्चक्री, मग सगळे इकडून तिकडे चालतायत, कुणी पाणी पितोय, पंच शिट्ट्या फुंकतायत, पुन्हा धुमश्चक्री. घरी कुकर उघडा पडला होता.

"मॅडम, मधे खरंच काही नसतं," हर्षल म्हणाला. त्याच्या आवाजातली घाई कमी झाली होती.

"मला काही नसतं तेच बघायचंय."

पडद्यावर लाथ बसली. चार नंबरनं चेंडू धरला आणि मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जीव खाऊन धावला. पार टोकाशी आल्यावर त्याला पाडलं. तो उठला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

इथं तुकडा संपत होता. सवयीनं पंकजाचं बोट बाणाकडे गेलं. बाईंनी तिचा हात धरून बाजूला ठेवला.

चार नंबर चालत चित्राबाहेर गेला. त्याच संघाच्या दुसऱ्या टोळीतली पोरं मैदानात आली, ओळीत उभी राहिली. ओळीच्या टोकाला, चेंडू झेलायच्या जागी, चार नंबर उभा होता. खांदे स्थिर. तोंड मिटलेलं.

"थांबव," बाई म्हणाल्या.

चित्र थांबलं.

"आत्ता हा मुलगा अख्खं मैदान पळाला. तू कबड्डी खेळलीस, पंकजा. एवढं पळाल्यावर इतक्यात कुणाचा श्वास असा बसतो का?"

पंकजा पडद्याजवळ सरकली. "न्हाई बसत," ती हळूच म्हणाली. "ह्याला दमच लागलेला न्हाई."

"जरा पुढं जाऊ दे. कॅमेरा कडेला फिरतोय."

कॅमेरा मैदानाच्या कडेला गेला. तिथं बाकावर एक पोरगा डोक्यावरून पाणी ओतत होता, अजून धापा टाकत होता. त्याच्या छातीवर चार नंबर होता. आणि त्याच्या मागं, दूर मैदानात, ओळीच्या टोकाला दुसरा चार उभा होता.

खाली दुकानात पोती टाकल्याचा आवाज आला.

६

"एका संघात दोन चार?" भागवत म्हणाला. "असं कुठं असतं?"

"आपल्याकडं नसतं," बाई म्हणाल्या. "आपल्या कबड्डीत जो चढाईला जातो तोच पकडीला उभा राहतो. सात माणसं, सगळी कामं तीच करतात. म्हणून एकच गडी झेलतोय, पळतोय, लोकांना आडवं करतोय, ह्यात पंकजाला काहीच वावगं वाटलं नाही. उलट कौतुक वाटलं. पण ह्या खेळात हल्ल्याची टोळी वेगळी, बचावाची वेगळी. दोघं कधी एकत्र मैदानात उतरत नसतील, तर नंबर एकच असला तरी कुणाचं अडत नाही. अडत नाही ना रे, हर्षल?"

हर्षल हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत होता.

"मला काय माहीत?"

"तुलाच माहीत. मघाशी तू म्हणालास, त्या कॉलेजचा जो झेलणारा चार आहे ना. तेव्हापासून मला खुपतंय. चार एकच असता तर नुसता चार म्हणाला असतास. थोरला म्हणायला धाकटा असावा लागतो."

"तोंडातून गेलं, मॅडम."

"आणि पंकजानं त्याच्या पकडीचं कौतुक केलं तेव्हा हसलास. झेलणारा पोरगा कधी पकड करत नाही, हे माहीत असल्याशिवाय त्यात हसण्यासारखं काय होतं? ह्या खोलीत हा खेळ कळणारा तू एकटाच. हेही तूच सांगितलंस."

हर्षलनं वायर सोडली. "मी काही फुगवलं नाही," तो म्हणाला. "मी बरोबर गुण दिले. आदिनाथ सरांनी माझा तुकडा उघडला असता तर त्यांना दिसलं असतं. तपासायचं काम त्यांचं. नाही उघडला. मी म्हटलं, नाही ना उघडत? मग पडू दे एकदा तोंडावर."

आदिनाथनं हर्षलच्या तुकड्याचा पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

"आणि पंकजा?" बाईंनी विचारलं.

"तिच्यावर येईल असं वाटलं नव्हतं."

"पण आलं. पत्र टाईप झालं, ती पिशवी भरून बसली, तरी तू खोकत बसलास. तेवढ्या वेळात एक वाक्य बोलून झालं असतं."

हर्षलनं पंकजाकडे पाहायचा प्रयत्न केला. ते त्याला जमलं नाही.

भागवतच्या मात्र जिवात जीव आला होता. त्यानं खुर्ची ओढली, पत्र उघडलं आणि पंकजाचं नाव खोडायला लागला. "सुटलो. मग हर्षलचंच घालतो."

"भागवत," सत्यशीलाबाई म्हणाल्या. दिवसभरात त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुला नुसती रिकामी जागा भरायचीय का? वरची ओळ वाच. मुद्दाम गुण फुगवणारी व्यक्ती, असं लिहिलंयस. असली व्यक्तीच इथं नाही. एकीनं दोन माणसं एक समजली, एकानं अर्धंच तपासलं, एक माहीत असून गप्प बसला. आणि तू न विचारता नाव लिहिलंस. चौघांनी मिळून केलंय हे."

"पण साहेबाला नाव पाहिजे, मावशी."

"माझंच राहू द्या," पंकजा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती उभी राहिली होती.

"दोन पोरं मीच एक केली. ते माझंच हाय. पण चूक म्हणून लिहा, सर. चोरी म्हणून लिहू नका." ती भागवतच्या खुर्चीजवळ गेली. "सरका. मीच लिहिते. आन् ते चित्र बी जोडते, दोघं एकत्र दिसतात ते. मग मानायचं का न्हाई ते त्यांनी ठरवावं."

भागवत सरकला. पंकजानं जुनी ओळ पुसली आणि लिहायला सुरुवात केली. सावकाश, एकेक वाक्य वाचून बघत. इंग्रजीत एका ठिकाणी ती अडली, तेव्हा आदिनाथनं शब्द सांगितला. दुसऱ्यांदा अडली ती खेळातल्या जागेच्या नावाशी, आणि ते हर्षललाच येत होतं. त्यानं सांगितलं. तिनं त्याच्याकडे न बघता लिहून घेतलं.

घरी जाताना बाईंनी पाहिलं, पंकजाचा आरसा अजून पिशवीतच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भागवतचा फोन आला. बाईंचा कुकर एकदाचा नीट शिट्टी देत होता.

"मावशी, साहेबानं मानलं. काम चालू. पण म्हणतो, यंदाचे सगळे संघ पुन्हा तपासा. तपासतोय तर अशा जोड्याच जोड्या निघतायत, डोकं फिरायची वेळ आलीय. हर्षलला पंकजाच्या हाताखाली बसवलाय. आदिनाथ दोघांचेही तुकडे बघतो, आणि बघितले म्हणून मला सांगतो. मी विचारलं नाही तरी सांगतो."

"बरं झालं."

"आणि पुढं सगळ्या तपासणीला जबाबदार कोण, ते साहेबानं विचारलं होतं. मी लगेच पंकजाचं नाव पाठवून दिलं."

सत्यशीलाबाईंनी गॅस बंद केला.

"तिला विचारून पाठवलंस ना?"

पलीकडे कूलरचा आवाज तेवढा येत राहिला.

"भागवत."

"विचारतो, मावशी. आत्ताच विचारतो."